सही मुंबईत, चिरे गावात

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपल्या गावाचे मुंबईतील ग्रामविकास मंडळ.

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या यंदाच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त वाडीतल्या प्रत्येक घरी पोहोचले आणि त्यातला सहावा ठराव आम्ही दोनदा वाचला. तिशी उलटूनही आई-वडिलांच्या घरातच ‘बसलेल्या’ गावातील मुलामुलींची संख्या वाढत आहे, ही चिंतेची बाब असून त्यांना स्वावलंबनाची दिशा मिळावी यासाठी गणपतीच्या सुट्टीत मार्गदर्शन शिबिर भरवावे, असा त्याचा आशय आहे. ठरावामागची आपुलकी मी नाकारत नाही. परंतु ज्यांच्याविषयी तो केला त्यांच्यापैकी कोणालाही आधी काही विचारले गेले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. माझे वय ३१ आहे. देवगड तालुक्यातल्या आपल्या खाडीकाठच्या वाडीत मी आई-वडिलांच्या घरात राहते आणि बाजारपेठेत आपले सरकार सेवा केंद्र चालवते. माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे आणि तोही त्याच घरात राहतो. म्हणजे ठरावातली दोन माणसे एकाच छपराखाली सापडतात.

‘बसलेल्या’ या शब्दापुरते आधी बोलते. भाऊ मोहोर फुटल्यापासून फवारणीच्या मागे असतो, मार्चपासून काढणी आणि पेट्या भरणे सुरू होते, रात्री गाडी वाशीला निघाली की मगच तो जेवतो. शेजारच्या घरातला मुलगा होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. त्याच्या पलीकडची मुलगी कंत्राटी परिचारिका आहे आणि रात्रपाळी करून सकाळच्या एसटीने परत येते. हे सर्व जण आपापल्या आई-वडिलांच्या घरात राहतात आणि त्या घरांचे वीजबिल, औषधपाणी, गणपतीची वर्गणी त्यांच्याच कमाईतून जाते. तुम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी येता तेव्हा अंगण सारवलेले, गणपतीवरची माटवी बांधलेली आणि विहिरीवरचा पंप चालू असतो, तो ज्यांनी चालू केलेला असतो त्यांनाच ओटीवर पहिला प्रश्न येतो, “काय गो, अजून घराकच?”

इतिवृत्तात एका ज्येष्ठ सभासदांचे निवेदन आहे की त्यांनी स्वतः अठराव्या वर्षी घर सोडले आणि परत मागे वळून पाहिले नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला या आठवणीतला राहून गेलेला भाग लिहावासा वाटतो. त्या पिढीतला पुरुष मुंबईला गेला, गाळ्यात दहा-बारा जणांत वळकटी टाकून झोपला, खानावळीत जेवला आणि बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राहिला, हे खरे आहे आणि ते सोपे नव्हते. पण त्याचे लग्न झाल्यावर त्याची बायको कोठे राहिली? मुले कोठे वाढली? ती सगळी गावात, त्याच्या वडिलांच्या घरात राहिली. काहींची दहा वर्षे, काहींची पंधरा. दर महिन्याची मनीऑर्डर आजोबांच्या नावे येत असे आणि ती पोस्टमन आजोबांच्याच हाती मोजून देत असे. म्हणजे घर सोडले ते एका माणसाने, आणि त्याचा संसार बापाच्या माजघरातच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर आपल्या वाडीतले कितीतरी जण चाळिशीत परत आले आणि त्याच घरात पुन्हा राहू लागले. २०२० च्या टाळेबंदीत तर तुमच्यापैकी अनेकांची मुले लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीत महिनेच्या महिने होती. त्या वेळी कोणी ठराव केला नव्हता, आणि करायलाही नको होता. मुद्दा एवढाच की आई-वडिलांच्या घरात मोठ्या मुलाने राहणे ही कोकणात आमच्या पिढीने काढलेली टूम नाही.

परदेशात मुले अठराव्या वर्षी स्वतंत्र होतात, हेही त्याच निवेदनात आहे. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये तिथे घर सोडण्याचे सरासरी वय २६.३ होते, फिनलंडमध्ये २१.४ आणि क्रोएशियात ३१.८. फिनलंडच्या विद्यार्थ्याला भाड्यासाठी सरकारी मदत मिळत होती, हेही लक्षात घ्यावे लागेल. क्रोएशियात जन्मले असते तर मी आज अगदी सरासरीत बसले असते. असो.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमची अडचण मार्गदर्शनाची नाही. वेगळे राहायला घर लागते, आणि आपल्या गावात घर मिळण्याचे दोनच मार्ग आहेत. भाड्याने मिळणारी खोली ही वस्तूच वाडीत नसल्यामुळे एक तर स्वतःच्या जमिनीत बांधावे लागते, नाहीतर बांधलेले पण बंद असलेले घर कोणीतरी उघडून द्यावे लागते. या दोन्ही मार्गांवरची माणसे मुंबईत आहेत, आणि ती तुम्ही आहात.

रोज सात-आठ तास मी लोकांना सातबारा काढून देते, त्यामुळे या विषयात मी भावनेपेक्षा कागदावरून बोलू शकते. आमच्या घरामागची जमीन पणजोबांची, क्षेत्र १ हेक्टर ८ आर. त्यांच्यानंतर आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागले, पुढे वारस चढत गेले आणि आज त्या उताऱ्यावर ४३ नावे आहेत. त्यांपैकी ११ जण हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. उरलेली नावे डोंबिवली, विरार, दिवा, नालासोपारा अशी पसरली आहेत, एक आत्या बडोद्याला आहे. जमिनीवर आमच्या शाखेचा हिस्सा पाच आणे चार पै, म्हणजे तिसरा भाग, म्हणजे हिशेबाने ३६ गुंठे. भावाला घर बांधायला त्यातले ३ गुंठे पुरेत. हे ३६ गुंठे कोणत्या बाजूचे, हे मात्र कोणत्याही कागदावर नाही, कारण प्रत्यक्ष वाटप झालेले नाही. पोटहिस्सा पाडलेला नाही, मोजणी नाही. आंब्याचे कलम कोणाचे आणि बांध कोणाचा हे फक्त तोंडी ठरलेले आहे.

याचा परिणाम असा होतो की ग्रामपंचायतीकडे बांधकामाची परवानगी मागितली तर सर्व सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. गृहकर्जासाठी बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी उतारा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “जमीन तुमची आहे हे दिसते, पण कोणती जमीन तुमची आहे ते दिसत नाही.” मला राग आला होता, पण वाक्य चोख होते. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्याच्या यादीत नाव आलेल्या आपल्या वाडीतल्या एका मुलाचे प्रकरण जागेच्या कागदापाशी अडले. पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची नोंदणी करायची म्हटले तरी जागेचा हक्क किंवा मालकांची संमती दाखवावी लागते. खाडीकाठच्या जमिनीला १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, बंधने आहेत, त्यामुळे पाण्याकडची बाजू तशीही बांधकामाला उपयोगाची नाही. जी उरते ती वरची बाजू, आणि तिच्यावर ४३ नावे.

भावाने २०२२ मध्ये जांभ्या दगडाचे तीन हजार चिरे आणून घरामागे रचून ठेवले. त्या वेळी मोठ्या काकांनी फोनवर सांगितले होते की मे महिन्यात येतो तेव्हा सही करतो. त्यांनी त्यांची सही केलीही. अडले ते पुढे. एका चुलत्यांनी सांगितले की आधी त्यांचे भाऊ करू देत, भावांनी सांगितले की आधी मुलांना विचारतो, मुलांपैकी एकाने विचारले की ही जमीन नेमकी कोठे आहे. वारस नोंदीच्या नोटिसा गेल्या, त्यांतल्या काही परत आल्या, कारण सातबाराच्या दप्तरातला पत्ता लालबागच्या ज्या चाळीचा आहे ती पाडून तिथे टॉवर उभा राहिला. चार पावसाळे त्या चिऱ्यांवर पडले. मागच्या श्रावणात आई तिथे पानवेल काढायला गेली तर चिऱ्यांच्या फटीत घोणस निघाली.

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडे या दोन गोष्टी एकमेकींत अडकून बसल्या आहेत. भावासाठी आलेली दोन स्थळे ज्या दिवशी मुलीच्या वडिलांनी सातबारा मागितला त्या दिवशी संपली. त्यांना नावे ठेवता येत नाहीत. सहा माणसांच्या घरात माजघर, देवखोली आणि एक झोपायची खोली असताना मुलगी कोठे नांदणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पूर्वी यावर वेगळ्या चुलीचा तोडगा होता. एकाच घरात पडवीला कूड घालून दुसरी चूल मांडायची, शिधापत्रिका विभक्त करायची आणि पुढे जमेल तेव्हा जमेल तिथे घर बांधायचे. आपल्या वाडीत एक जोडपे आजही असे राहते. सिमेंटच्या पत्र्याची भिंत, वर उघडा माळा. रात्री सासऱ्यांचा खोकला आणि सुनेचा मोबाईल दोन्ही सगळ्यांना ऐकू येतात. हा तोडगा दोन-तीन वर्षांसाठी होता. त्यांचे आता आठवे वर्ष आहे.

दुसरा मार्ग बंद घरांचा. आपल्या वाडीत २२ घरे आहेत आणि त्यांतल्या ९ घरांना कुलूप आहे. गणपतीत पाच ते सात दिवस ती उघडतात, एरवी त्यांत वाळवी राहते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, शेजारच्या रत्नागिरीचीही उतरली. जिथे माणसे कमी होत आहेत तिथे राहायला घर मिळू नये, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला थट्टा वाटेल. दोन वर्षांपूर्वी भावाने एका बंद घरासाठी विचारले होते. भाडे देतो, कौले परततो, गणपतीत घर रिकामे करून देतो, असे सगळे सांगून. उत्तर आले की एकदा राहायला दिले की उद्या हक्क सांगाल.

या भीतीची मी टिंगल करणार नाही. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले आणि गावात नसलेल्या मालकांच्या जमिनी गेल्या. त्यात अनेक गरिबांना न्याय मिळाला, पण काही चाकरमान्यांच्या घरात त्याची धास्ती तीन पिढ्या उतरली आहे. तरीही शेतजमिनीचे कूळ वेगळे आणि घरात परवानगीने राहणारा माणूस वेगळा. बारा वर्षे ताबा राहिला की घर त्याचे, असे जे सर्रास सांगितले जाते ते अर्धवट आहे. मालकाच्या परवानगीने राहिलेल्या माणसाचा ताबा विरोधी ताबा ठरत नाही. मुंबईत तुम्ही स्वतः ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून खोल्या देता-घेता. तोच करार नोंदवून गावातल्या घराचाही करता येतो, आणि त्यात चतुर्थीच्या आधी घर मोकळे करून देण्याची अट घालता येते. करार ऑनलाइन नोंदवून देण्याचे काम मी फुकट करीन, हे इथे लिहूनच ठेवते.

मुलींविषयी ठरावात एकच शब्द आहे, ‘मुलामुलींची’ यातला. एकतिसाव्या वर्षी मुलगा आई-वडिलांच्या घरात असला तर त्याला घर बांधायला जमत नाही असे म्हणतात. मुलगी असली तर तिचे लग्न जमत नाही, एवढेच म्हणतात. तिला स्वतःचे घर हवे असेल ही शक्यताच कोणाच्या मनात येत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वडील तेव्हा हयात होते की नाही यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. हा कायदा आपल्या भाऊबंदकीला ठाऊक नाही असे मुळीच नाही. माझ्या केंद्रात दिवसकार्य आटोपताच बहिणींचे हक्कसोडपत्र कसे करायचे हे विचारायला भाऊ येतात, तेव्हा सर्व बहिणींची आधार कार्डे, फोटो, बडोद्याच्या आत्यासकट, चार दिवसांत गोळा झालेली असतात. हक्क सोडून घेण्यासाठी ज्यांना ४३ पत्ते सापडतात त्यांना घर बांधू देण्यासाठी ते सापडत नाहीत, याची नोंद इतिवृत्तात व्हावी अशी माझी इच्छा आहे.

दोष सगळा तुमचाच आहे असे म्हटले तर ते खोटे होईल. आमच्या वडिलांनाच वाटणी हा शब्द ऐकवत नाही. माझ्या देखत घर फुटायला नको, असे ते म्हणतात, आणि दहा वर्षांपूर्वी आजोबा हयात असताना, नावे कमी असताना जे सहज झाले असते ते त्यांच्याच या वाक्यामुळे राहिले. आमच्यातही एक-दोघे असे आहेत की ज्यांना आईच्या हातचे जेवण आणि बिनभाड्याची खोली मनापासून मानवली आहे. त्यांना शिबिरात जरूर बसवावे, मी स्वतः त्यांची नावे देईन. शिवाय तुमचीही एक शंका खरी आहे. वाटणी झाली की गावातला भाऊ आपला तुकडा एखाद्या एजंटाला विकेल आणि मूळ घराच्या शेजारी अनोळखी माणसाचे कुंपण येईल, अशी उदाहरणे किनाऱ्यावर सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून आम्ही संपूर्ण वाटपाचा आग्रह धरलेलाच नाही. घरापुरत्या जागेची, चतुःसीमा लिहून दिलेली संमती हवी आहे, आणि ती जागा भाऊबंदांना आधी विचारल्याशिवाय विकणार नाही असे आम्ही लिहून द्यायला तयार आहोत. मूळ घर, देवखोली आणि गणपतीची जागा कायम सामायिकच राहील. बँकेला मात्र एवढ्याने पुरणार नाही, तिला वाटपच लागेल. पण निदान स्वतःच्या पैशाने दोन खोल्या तरी उभ्या राहतील.

ज्यांना पूर्ण वाटप मान्य असेल त्यांच्यासाठी रस्ता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क फक्त १०० रुपये आहे आणि मे २०२५ मध्ये शासनाने त्यावरची नोंदणी फीही माफ करण्याचा निर्णय घेतला. ज्यांना गावी येणे जमत नाही ते आपल्या घराजवळच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कुलमुखत्यारपत्र करून देऊ शकतात. एकाने जरी नकार दिला तर मात्र दिवाणी न्यायालयातला वाटपाचा दावा उरतो, आणि त्याचा निकाल भावाच्या नातवाला ऐकायला मिळेल.

यासाठी माझी मंडळाला विनंती आहे की सहावा ठराव रद्द न करता बदलावा. शिबिर गणपतीत गावी घेऊ नये. त्या दिवसांत आरत्या, भजने आणि परतीच्या गाडीचे तिकीट यांपलीकडे कोणाचे लक्ष नसते. त्याऐवजी नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मंडळाच्या मुंबईतल्या सभागृहातच सर्व सामायिक खातेदारांना बोलवावे. प्रत्येकाने आधार, पॅन आणि आपल्या घरातल्या मयत खातेदाराचा मृत्यूचा दाखला एवढेच घेऊन यावे. मी शनिवारी रात्री कोकणकन्येने निघेन. सोबत लॅपटॉप, प्रिंटर, वाडीतल्या सर्व सर्व्हे नंबरांचे ताजे उतारे आणि कच्चे नकाशे असतील. ४३ पैकी १९ जणांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत, बाकीच्यांचे मंडळाच्या वर्गणीच्या वहीत नक्की असतील, कारण वर्गणी प्रत्येकाकडून येते. ती वही मला एक दिवस पाहायला मिळावी.

सहाव्या ठरावात शिबिराच्या चहा-नाश्त्यासाठी जी तरतूद केली आहे ती तशीच राहू द्यावी. बडोद्याच्या आत्यांनी येते म्हणून कळवले आहे आणि त्यांना सकाळच्या गाडीने उतरल्यावर चहा लागतो.

आपली,
भाऊबंदांतलीच, सातबारावर अजून नाव न लागलेली एक मुलगी